इंदूर: १८ हजारांत मराठी लेखन आणि आर्डुइनोसाठी छोटा लॅपटॉप. घ्यायचा कुठला, तयार कसा करायचा?

लोकमान्यनगर_वही (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दोनच कामांसाठी छोटा लॅपटॉप हवा आहे: मराठीतून लेख-कथा लिहिणं, आणि आर्डुइनो-ईएसपी३२ या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डांची लहानसहान कामं. खांद्यावरच्या झोळीत मावायला हवा, म्हणजे पडदा १२-१३ इंची. गेम नाहीत, व्हिडिओचं काम नाही. सगळं मिळून १८ हजारांच्या वर जायचं नाही.

नवीन सेलेरॉनवाले (इंटेलचा स्वस्त प्रोसेसर) या किमतीच्या आसपास दिसतात, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (साठवणीची साधी चिप) असलेले. दुसरीकडे सिल्व्हर मॉल आणि जेल रोडला ऑफिसांतून निघालेले जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड आहेत. कुठल्या वाटेनं जावं? जुना घेतला तर दुकानात काय काय बघून घ्यावं? विंडोजऐवजी लिनक्स टाकायची तयारी आहे, पण मराठी टायपिंग आणि फॉन्ट नीट चालतील का ही मुख्य काळजी.

पेचकस

नव्या सेलेरॉनच्या वाटेला जाऊ नका. विंडोज ११ची किमान अटच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा अशी आहे, म्हणजे हे लॅपटॉप पहिल्या दिवसापासून काठावर उभे असतात. मोठं अपडेट आलं की जागा पुरत नाही आणि ते अर्ध्यात अडकतं. ईएमएमसी बोर्डाला डाग दिलेली असते, बरेचदा रॅमही. पुढे काही बदलायची सोयच राहत नाही. शिवाय कीबोर्ड मधोमध दाबला की लवतो, आणि रोज दोन-तीन पानं लिहिणाऱ्याला हा दोष सगळ्यांत जास्त जाणवतो.

जुन्यांत थिंकपॅड एक्स२५०, एक्स२६०, एक्स२७० बघा. पडदा १२.५ इंच, लहान बॅटरीसह वजन दीड किलोच्या आत. तिघांतही रॅमचा स्लॉट एकच आहे, त्यामुळे ४ जीबी असेल तर ती काढूनच ८ची लावावी लागते, शेजारी दुसरी बसत नाही. एक्स२५०ला डीडीआर३एल लागते, एक्स२६० आणि २७०ला डीडीआर४. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तेव्हा कांडी विकत घेण्याआधी मॉडेल बघा. एक्स२४० स्वस्त मिळाला तरी टाळा, त्यात लाल टिकलीची (कीबोर्डमधला छोटा माउस) वेगळी बटणं नाहीत. एक्स२८० दिसायला सुबक, पण रॅम बोर्डालाच जोडलेली. ८ जीबीचा मिळत असेल तरच घ्या. एचपीचा एलिटबुक ८२० जी३ पण चांगला, त्यात रॅमचे स्लॉट दोन आहेत.

ही मशिन स्वस्त का झाली तेही ध्यानात ठेवा. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि विंडोज ११ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. पाचवी, सहावी, सातवी पिढी त्या यादीबाहेर आहे. दुकानदार "इलेव्हन डालके दे रहे हैं" म्हणाला तर ते अटी वळसा घालून टाकलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे मोजू नका. लिनक्सला या पिढ्या मुळीच जड नाहीत.

पडद्याच्या बाबतीत हट्ट धरा. याच मॉडेलांत १३६६×७६८चा टीएन पडदा येतो आणि १९२०×१०८०चा आयपीएससुद्धा. टीएन ओळखायला पडदा मागे-पुढे कलता करा. रंग उलटे-फिके झाले की टीएन. देवनागरीच्या मात्रा, अनुस्वार, रफार वर-खाली लटकलेले असतात, बारीक अक्षरात कमी ठिपक्यांच्या पडद्यावर 'कें' आणि 'के' वेगळे कळत नाहीत. हजार रुपये जास्त पडले तरी आयपीएस घ्या, प्रोसेसर एक पिढी जुना चालेल.

दुकानात जाताना लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह घेऊनच जा. हे सगळं तिथेच बघायचं:

पहिलं, मशिन सुरू होताना एंटर आणि मग एफ१ दाबून बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा. पासवर्ड मागितला तर तिथेच नमस्कार करून निघा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड आतली छोटी बॅटरी काढून जात नाही, तो वेगळ्या चिपमध्ये असतो आणि कंपनीचा अधिकृत उपाय बोर्ड बदलणं हाच आहे. "बाद में निकाल देंगे" यावर विसंबू नका.

मग एफ१२नं पेनड्राइव्हवरून चालू करा (एचपीत एफ९). वायफाय जोडून बघा, प्रत्येक यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावून बघा. 'डिस्क्स' नावाचं साधन उघडून एसएसडीचा 'स्मार्ट' (तब्येतीचा) अहवाल वाचा: 'रिअलोकेटेड सेक्टर'च्या पुढे शून्य हवं. पॉवर मॅनेजरच्या 'डिव्हाइसेस' पानावर बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही वॉट-तासांत येतात. एक्स२५० ते २७०मध्ये आतली बॅटरी २३ची असते. आज १५च्या खाली भरत असेल तर त्या हिशेबानं भाव पाडा.

कीबोर्ड मात्र सावकाश बघा. टेक्स्ट एडिटर उघडून प्रत्येक कळ दाबा, शिफ्ट धरून पुन्हा दाबा. इंग्रजी लिहिणाऱ्याला उघडणाऱ्या चौकटी कंसाची कळ बंद असली तरी महिनाभर पत्ता लागत नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीत त्याच कळीवर 'ड' आहे. सेमीकोलनच्या कळीवर 'च', अवतरणचिन्हाच्या कळीवर 'ट', तिरक्या रेघेवर 'य', उलट्या तिरक्या रेघेवर 'ऑ'ची मात्रा. बाहेरून आयात झालेल्या काही मशिनवर यूके ठेवणीचा कीबोर्ड असतो: एंटर उभी, आणि उलटी रेघ भलत्या जागी. अमेरिकन ठेवणीचाच मागा.

बिल पक्कं घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो मशिनच्या पाठीवरच्या नंबराशी ताडून पाहा.

शिरोरेषा

पेचकसनी खरेदीचं सगळं सांगितलंच आहे. मी घरी आणल्यानंतरचं सांगते.

लिनक्स मिंट २२ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती टाका. ती उबंटू २४.०४वर बेतलेली आहे आणि एप्रिल २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळतात. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, कुठल्याही विंडोज मशिनवर रूफस नावाच्या प्रोग्रामनं तो तयार होतो. बसवताना पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडा, लॅपटॉप झोळीतून फिरणार असेल तर डिस्कच्या एन्क्रिप्शनवर खूण करा. घड्याळ भलतंच वर्ष दाखवत असेल तर आधी ते नीट करा. आतली छोटी बॅटरी संपली असली की घड्याळ मागे जातं, आणि मग सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, अपडेटही नाकारली जातात. लोक उगाच वायफायला दोष देत बसतात.

मराठी टायपिंगच्या दोन वाटा आहेत. इनस्क्रिप्ट येत असेल किंवा शिकायची तयारी असेल तर सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट इथे जाऊन 'इंडियन' या गटातला मराठी लेआउट जोडा. वेगळं काही बसवावं लागत नाही. रोमन अक्षरांतून लिहिण्याची सवय असेल तर आयबस (टायपिंगची पद्धत बदलून देणारा प्रोग्राम) आणि त्याचं 'एम१७एन' हे पॅकेज बसवा, 'इनपुट मेथड'मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, मग मराठीच्या यादीत आयट्रान्स आणि फोनेटिक दिसतील. लॉगआउट न केल्यामुळे "काहीच झालं नाही" अशी तक्रार नेहमी येते.

कुठलीही वाट घ्या, यादीत इंग्रजी पहिलं आणि मराठी दुसरं ठेवा. मराठी पहिलं ठेवलं तर लॉगिनचा पासवर्ड देवनागरीत उमटतो आणि मशिन आत घेत नाही, शिवाय काही प्रोग्राममध्ये कंट्रोल-एस, कंट्रोल-सी चालेनासं होतं. इंग्रजीसाठी 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' हा लेआउट निवडलात तर उजव्या ऑल्टसह ४ दाबून ₹ येतो.

आता लिबरऑफिस. इथे नव्वद टक्के गोंधळ एकाच गोष्टीमुळे होतो: ते देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या वेगळ्या खात्यात टाकतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन त्या खात्यावर खूण करा आणि त्याची मूळ भाषा मराठी ठेवा. मग डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल उघडून त्याच खात्याचा फॉन्ट आणि आकार वेगळा ठरवा. हे केलं नाही तर इंग्रजी १२ पॉइंटांत आणि मराठी भलत्याच फॉन्टात, अशी पानं तयार होतात.

भाषा मराठी ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून निराळे. फॉन्टात दोन्ही आकार असले तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्याशिवाय फॉन्ट आपलं वळण काढत नाही. इंदुरात बहुतेक मशिनवर हिंदीच निवडलेली असते, म्हणून मजकूर मराठी आणि अक्षर हिंदी अशी अवस्था होते. भाषा बदलूनही फरक पडला नाही तर त्या फॉन्टात मराठी आकार नाहीत असं समजा आणि 'टिरो देवनागरी मराठी' किंवा 'लोहित देवनागरी'ची मराठी आवृत्ती लावा. लांब वाचनाला टिरो फार देखणा आहे.

दोन अक्षरं पहिल्याच दिवशी नीट बसवून घ्या. एक 'ॲ'. युनिकोडमध्ये तो २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी 'अ' टाइप करून वर चंद्र देत, आणि आजही अनेक लेआउट तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण संगणकाला ती दोन वेगळी रूपं. 'ॲसिड' शोधलंत तर दुसऱ्या रूपातलं सापडणार नाही. दुसरं 'ऱ्य', 'ऱ्ह'. 'सुऱ्या', 'वऱ्हाड' लिहायला इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जेनं 'ऱ' घ्या, मग डीनं पाय मोडा, मग पुढचं अक्षर. साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही तसंच दिसतं, पण कुठे नक्कल करून चिकटवताना ते चिन्ह गळालं की 'सुर्या' होतो. संपादकाकडे गेल्यावर हे पकडणं कठीण जातं.

लिहिण्यासाठी फोकसरायटर बघा, पूर्ण पडद्यावर नुसता कागद दिसतो, जुन्या मशिनवर हलका चालतो. साधा मजकूर लिहायला जीनी किंवा मिंटचाच एडिटर. टर्मिनलमध्ये मात्र मराठी लिहू नका. एक्सएफसीईचं टर्मिनल जोडाक्षरं जुळवत नाही, वेलांट्या सुटून पडतात आणि कर्सर दाखवतो एकीकडे, खोडतो दुसरीकडे. फाइल बिघडलेली नसते, फक्त दिसतं तसं.

पडदा १९२०×१०८०चा असेल तर अपिअरन्स, फॉन्ट्समध्ये डीपीआय १२० करा आणि हिंटिंग 'स्लाइट' ठेवा. 'फुल' ठेवलं की लहान आकारात शिरोरेषा कुठे जाड, कुठे बारीक दिसते.

कथील६०४०

हॉबीच्या बाजूचं मी लिहितो. आर्डुइनो आयडीई २ (बोर्डाचे प्रोग्राम लिहायचं साधन) दिसायला छान, पण आतून ब्राउझरच आहे, ८ जीबीवरही सुरू व्हायला वेळ घेतो. ऊनो-नॅनोसाठी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधली १.८.१९ घ्या, हलकी आहे. ईएसपी३२चं पॅकेज काही जीबी जागा खातं, १२८ जीबीच्या एसएसडीत त्याचा हिशेब आधीच धरा.

बोर्ड जोडला आणि अपलोडला 'परमिशन डिनाइड' आलं तर तुमचं खातं 'डायलआउट' गटात नाही. 'युजर्स अँड ग्रुप्स'मध्ये तो गट जोडा आणि लॉगआउट करून या. हा बोर्डाचा दोष नाही, प्रशासक म्हणून आयडीई चालवायचा उद्योगही करू नका. पोर्ट दिसतच नसेल तर आधी केबल बदला. मोबाइलबरोबर आलेल्या कित्येक केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. पोर्ट दिसून लगेच नाहीसा होत असेल तर कारण निराळं: उबंटू २२.०४ आणि त्यावरच्या मिंट २१मध्ये ब्रेल पडद्यासाठीची 'बीआरएलटीटीवाय' सेवा बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपला आपलं उपकरण समजून ताब्यात घेते. ते पॅकेज काढलं की पोर्ट टिकतो. अर्थात ब्रेल पडदा वापरणारं घरात कोणी असेल तर काढू नका.

स्वस्त नॅनोवर 'नॉट इन सिंक' आलं तर टूल्स, प्रोसेसरमध्ये 'ओल्ड बूटलोडर' निवडा (बूटलोडर म्हणजे बोर्डात प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम). जुना बूटलोडर ५७६०० वेगानं बोलतो, नवा ११५२००नं, वेग जुळला नाही की दोघांचं जमत नाही. ईएसपी३२ 'कनेक्टिंग'वर ठिपके देत अडकला तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा, लिहायला सुरुवात झाली की सोडा.

आणि सर्वो मोटर लॅपटॉपच्या यूएसबीवरून चालवू नका. यूएसबी २ खाचेची मर्यादा ५०० मिलीॲम्पियर. लहान एसजी९० सर्वोसुद्धा अडकला की त्याहून जास्त ओढतो, व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड परत परत रिसेट होतो. माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत राहतो. सर्वोला वेगळा ५ व्होल्ट पुरवठा द्या, दोन्हीकडचे ग्राउंड एकत्र जोडा, ५ व्होल्टच्या तारा जोडू नका. जोडणी करताना लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यात स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब ठेवा. शॉर्ट झालंच तर हबवर निभावण्याची शक्यता जास्त, लॅपटॉपची खाच जळली तर दुरुस्तीत मशिनची किंमत जाते.

मायक्रोपायथॉन करायचं असेल तर रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड आणि थॉनी हा एडिटर ही जोडी या मशिनला उत्तम. बूटसेल दाबून धरून केबल लावा, पेनड्राइव्हसारखी खूण येते, तिच्यात मायक्रोपायथॉनची फाइल टाकली की झालं.

लोकमान्यनगर_वही

तिघांचेही मनापासून आभार. एक्स२६०, आयपीएस, ८ जीबी असा शोध घेतो. दोन गोष्टी राहिल्या. हात क्रुतिदेव फॉन्टाला, म्हणजे टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीला बसलेला आहे, इनस्क्रिप्ट आता नव्यानं शिकावंच लागेल का? आणि काही जुने लेख क्रुतिदेव आणि श्रीलिपीत आहेत, ते या मशिनवर उघडतील?

शिरोरेषा

हात बसला असेल तर तो मोडू नका. आयबसच्या एम१७एनमध्ये हिंदीच्या यादीत रेमिंग्टन आहे. कळा त्याच, पण उमटतं ते खरं युनिकोड. मराठीसाठी 'ळ', 'ऱ' आणि 'ॲ' कुठल्या कळीवर येतात ते सुरुवातीलाच तपासून कागदावर लिहून ठेवा. हिंदी टायपिंगला ही तिन्ही फारशी लागत नाहीत, त्यामुळे बोटांना ती जागा माहीत नसते. आणि टाइप करायला हिंदी यादी वापरली तरी लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठीच ठेवा, नाहीतर वळणाचा तोच घोळ.

जुने लेख उघडतील, पण रोमन अक्षरांच्या भेंडोळ्यासारखे दिसतील, कारण क्रुतिदेवमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, प्रत्येक फॉन्टाचं निराळं. क्रुतिदेव ०१०चं साधन श्रीलिपीच्या फाइलला लावलं तर कचरा निघतो. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवूनच रूपांतर करा आणि नंतर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी, रफार, 'ळ'. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा जुन्या फॉन्टांत दिसण्याच्या क्रमानं असते, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. जोडाक्षर आलं की साधनं तिथेच चुकतात, 'स्थिती', 'वर्षी' असे शब्द मुद्दाम शोधून बघा. लेखात इंग्रजी शब्द असतील तर तेही देवनागरीत बदलून विद्रूप होतात, रूपांतराआधी ते वेगळे काढा.

पेचकस

बॅटरीचं राहिलं होतं. एक्स२५० ते २७०मध्ये बॅटऱ्या दोन: एक आत, एक मागून निघणारी. आतली शाबूत असेल तर मशिन चालू असतानाच मागची बदलता येते. टीएलपी हे वीज सांभाळणारं साधन बसवून दोन्हींना चार्जिंगची मर्यादा घाला, ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की सुरू, ८०वर बंद. घरात टेबलावर जोडूनच वापरत असाल तर याचा फायदा बॅटरीच्या आयुष्यात दिसतो. मिंट २२मध्ये आधीपासून असलेली पॉवर प्रोफाइल्सची सेवा काढून टाका, दोन्ही एकत्र ठेवू नका. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी एक काम घेतल्याबरोबर करा: पाठ उघडून पंख्यातली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. वर्षानुवर्षं ऑफिसात चाललेल्या मशिनची पेस्ट सुकून खडखडीत झालेली असते. पाठ उघडण्याआधी बायोसमध्ये जाऊन 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा. बाहेरची बॅटरी काढली तरी आतल्या बॅटरीचा प्रवाह बोर्डात चालू असतो, पेचकस घसरला तर बोर्ड जातो. पाठीचे स्क्रू निसटून पडत नाहीत, तिथेच सैल होतात. ते ओढून काढू नका.

बॅकअपबद्दल एकच इशारा. मिंटमधलं टाइमशिफ्ट यंत्रणेची प्रत ठेवतं, तुमच्या होम फोल्डरची नाही. म्हणजे लेख आणि आर्डुइनोचे प्रोग्राम त्यात नसतात. त्यासाठी मिंटचंच 'बॅकअप टूल' वापरून आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. लिबरऑफिसमध्ये लोड-सेव्हच्या पानावर 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी'वर खूण करा, आणि दर १० मिनिटांचं आपोआप जतन ५वर आणा. प्रतीसाठी नवा पेनड्राइव्ह घेणार असाल तर आधी 'एफ३' नावाच्या प्रोग्रामनं त्याची खरी क्षमता तपासा. बाजारात १२८ लिहिलेले पण प्रत्यक्षात ८ जीबीचे मिळतात, आणि ते आठ भरेपर्यंत काही सांगत नाहीत.